भिंतीपलीकडची ठकठक

आमच्या आळीत घराला घर चिकटलेलं. शेजारणीला बोलवायचं तर दारापर्यंत जातंय कोण? शेगडीमागच्या भिंतीवर सळईने दोन ठोके मारायचे, की पलीकडची हात पुसत हजर. माझी आणि हेटी टॅटर्सलची भिंत एकच. म्हणून त्या हिवाळ्यात भिंतीतून ठकठक आली तेव्हा मी पिठाचे हात तसेच घेऊन धावले.

"काय झालं गं?"

"कुठे काय?"

"मग ठोकलंस कशाला?"

"मी नाही ठोकलं," हेटी म्हणाली आणि हनुवटीने खुर्चीकडे खूण केली. "हा ठोकतोय."

खुर्चीत तिचा नवरा आर्नल्ड. टेबल आमच्या सामाईक भिंतीला टेकवलेलं, त्यावर त्याने डाव्या हाताची मूठ ठेवलेली. हेटीने त्याला विचारलं होतं, चहा देऊ की दूध? तर त्याने टेबलावर ठोकलं. दोनदा. आणि तिच्याकडे बघत बसला.

"बघ," हेटी म्हणाली. "चांगलं विचारावं तर हे असं."

आर्नल्ड आधी असा नव्हता हो. गिरणीत जॉबर होता. पन्नासएक माग त्याच्या हाताखाली, आणि जिभेला हाड नाही. हेटी त्याच साळखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, विणकर. एकदा तिच्या मागाचा पट्टा तुटला तेव्हा हा म्हणाला, "लग्न करतेस का, म्हणजे रोज दुरुस्तीला यायला नको." तिने त्याच्या पायावर धोटा टाकला आणि पुढल्या उन्हाळ्यात लग्न केलं. एकाच गोष्टीवर दोघांचं कधी जमलं नाही. हेटी चॅपलच्या कडक पंथातली, दारूला शिवणार नाही अशी लहानपणी शपथ घेतलेली, आणि नुसती घेतलेली नाही तर पाळलेली. आर्नल्ड शनिवारी संध्याकाळी 'प्लाउ' पबात. तिथे तो काय पितो, काय खेळतो, हे तिने विचारायचं नाही आणि त्याने सांगायचं नाही, असं ठरलेलं. एकदा त्याच्या कोटाच्या खिशात डॉमिनोची पेटी सापडली तेव्हा तिने ती चिमट्याने धरून शेगडीत टाकली. "सैतानाची हाडं माझ्या घरात नकोत." आर्नल्ड हसला म्हणे. तेव्हा हसायचा तो.

मग त्याला झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, ती हळूहळू थोडीफार परतली. बोलणं काही परत आलं नाही. एक शब्द नाही. हो म्हणायला मान हलवायला जायचा आणि नाहीची हलायची, मग स्वतःच वैतागायचा. शेवटी मान हलवणंही सोडलं. आणि मग ही ठकठक सुरू झाली. "आर्नल्ड, दुखतंय का?" ठकठक. "आर्नल्ड, तुझी बहीण आली होती, तिचं नाव आठवतंय का?" ठकठक. हेटीच्या मनाने घेतलं, की डोकं गेलं. त्या आवाजाने ती घरात भिरभिरायची. मुळात त्या बाईला बूड टेकवणं ठाऊक नव्हतं. भांडी घासून झाली की पायरी घास, पायरी झाली की खिडकी. आणि मागून ठकठक. "बंद कर रे!" ती ओरडायची, मग रडायची, मग पुन्हा पायरी घासायला जायची. मला भिंतीतून सगळं ऐकू यायचं.

आता पोटाचं बघायलाच हवं. गिरणीने अर्धे माग बंद केले होते, तेव्हा हेटीला मीच माझ्या कामावर लावून घेतलं. तंत्रविद्यालयाच्या तळघरात बेसी होती, तिच्याकडे.

बेसी म्हणजे हिशेब करणारं यंत्र. गायीचं नाव ठेवलं होतं, कारण खायची फार आणि बसायची त्याहून फार. लढाईनंतर टेलिफोन खात्याने मोडीत काढलेले रिले डॉक्टर एल्सवर्थनी गाडाभर आणून छतापर्यंतच्या मांडण्यांत बसवले होते. रिले म्हणजे काय, तर बोटाएवढं लोहचुंबक आणि समोर एक लोखंडी जीभ. वीज आली की जीभ टिक्कन चिकटते, गेली की सुटते. एवढंच. पण अशा हजारो जिभा एकदम चालल्या की तळघरात आमचं साळखातं भरल्यासारखं वाटायचं. हेटी पहिल्या दिवशी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अगंबाई, इथे तर आमचंच चाललंय." आमचं काम जिभांमध्ये कागदाची पट्टी सरकवून काजळी पुसायचं. अक्कल लागत नाही, चिकाटी लागते. हेटीकडे चिकाटी नव्हती, पण बेचैनी होती, आणि त्या कामाला तीही चालते.

एल्सवर्थ दक्षिणेकडचे. उंच, वाकलेले, मोजे कधी एका रंगाचे नाहीत. माणूस सज्जन, पण बेसीवर लेकीसारखा जीव. कुणी "यंत्र" म्हटलं तरी त्यांना लागायचं.

एप्रिलमध्ये आर्नल्ड घरातून निघून गेला. हेटी कामावर होती, मीही. कालव्याच्या काठाने नुसत्या सदऱ्यावर, चपला घालून चालला होता, तो कोळशाच्या होडीवाल्याने धरून आणला. गाव लहान, बातमी पोचायला कितीसा वेळ? दोन दिवसांत काउन्सिलचे मिस्टर ओपनशॉ दारात. काळा कोट, काळी टोपी, मिशीसुद्धा काळी. आळीतल्या बायका त्यांना 'सामान न्यायला आलेला' म्हणायच्या, कारण ते आले की कुणीतरी वरच्या घरी जायचं. वरचं घर म्हणजे माळरानावरचं मोठं वेड्यांचं इस्पितळ. तिथून माणूस परत आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

"मिसेस टॅटर्सल," ओपनशॉ म्हणाले, "दिवसभर त्यांना एकटं ठेवता येणार नाही. डॉक्टर हॅलिवेल येऊन तपासतील. समज शाबूत असेल तर घरी राहतील, काहीतरी सोय बघू. नसेल तर..."

"नसेल तर काय?"

ओपनशॉनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"आर्नल्ड," हेटी वळून म्हणाली, "सांग ना यांना, तुला कळतंय म्हणून!"

ठकठक. हेटीने पटकन जाऊन त्याचा हात दाबून धरला. ओपनशॉ टोपी घालून बाहेर वळले होते, त्यांचं लक्ष नव्हतं.

त्याच आठवड्यात चॅपलच्या सुधारणा मंडळाचा वाद होता. दर वर्षी एक विषय घेतात, दोन बाजूंनी बोलतात, शेवटी हात वर करून निकाल. त्या वर्षीचा विषय: यंत्राला अक्कल असू शकते का? म्हटलं तर बेसीचीच पंचाईत, म्हणून वाद आमच्या तळघरात ठेवला. यंत्राच्या बाजूने एल्सवर्थ. विरुद्ध बाजूने कोण, तर तेच डॉक्टर हॅलिवेल! हेटीने नाव ऐकलं आणि गुळाच्या केकच्या वड्या करता करता बोट कापून घेतलं.

"त्यांच्यासमोर नीट वाग," मी म्हटलं. "पुढल्या आठवड्यात तेच येणार आहेत."

"मी कधी नीट वागत नाही?"

एल्सवर्थ उभे राहिले. "तुम्ही विचार करता, हे मला कशावरून कळतं?" ते म्हणाले. "मी तुमच्या डोक्यात शिरून पाहत नाही. मी विचारतो, तुम्ही उत्तर देता. उत्तर बरोबर असलं की मी म्हणतो, शहाणा माणूस. मग बेसीलाच वेगळा न्याय का? तिची चामडी लोखंडाची म्हणून?"

हॅलिवेल उठले. गोल, गुलाबी, आवाज चर्चच्या घंटेसारखा. "उत्तराला काय घेऊन बसलात! बाजाच्या पेटीलाही सूर देता येतो. प्रश्न कळणं ही चीज निराळी. समज आतून असते, महाराज, बाहेरच्या उत्तरावरून तिचं माप घेणं म्हणजे दुकानाच्या पाटीवरून माल ओळखणं."

टाळ्या पडल्या. हेटी कोपऱ्यात ट्रे धरून उभी होती, तिचे डोळे लकाकले. मला म्हणाली, "हा माणूस चांगला बोलतोय गं."

मग आमचा खाटीक क्लेग उठला. त्याला कुठेही गप्प बसवत नाही. "बेसीबाईंना माझा एक प्रश्न. सहाला शून्याने भागा म्हणावं."

एल्सवर्थ "अं, ते..." म्हणेपर्यंत कुणीतरी आकडे घातलेसुद्धा. बेसी सुरू झाली. सहातून शून्य वजा, उरले सहा. पुन्हा शून्य वजा, उरले सहा. सगळ्या मांडण्या कडकडायला लागल्या. लोक आधी हसले, मग कान झाकले. थांबेचना! तिला कुठे कळतंय, की हे होणारच नाही? शेवटी मीच जाऊन खटका ओढला. जळका वास सुटला. क्लेग म्हणाला, "माझ्या सासूसारखीच आहे," आणि हशा पिकला. एल्सवर्थ लालबुंद. "त्यासाठी आपण एक वेगळं सर्किट बसवू," ते सांगत होते, पण ऐकतो कोण?

त्या गोंधळात हेटी पुढे आली. हातात ट्रे तसाच.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "जो उत्तरच देत नाही, त्याचं काय?"

एल्सवर्थना वाटलं, बेसीबद्दलच आहे. "मग त्याच्याबद्दल आपल्याला काहीच म्हणता येणार नाही, मिसेस टॅटर्सल. उत्तर नाही, तर पुरावा नाही."

हॅलिवेल तिच्याकडे वळून गोड हसले. "यंत्र असेल तर सोडून द्या, बाई. माणूस असेल तर आम्ही डॉक्टर लोक चार प्रश्न विचारून लगेच सांगतो."

ट्रे खणकन खाली. लोक वड्या वेचायला वाकले. निकाल हॅलिवेलच्या बाजूने लागला, सगळे हात वर; हेटीचा मात्र नाही.

परतताना ती धावत होती म्हटलं तरी चालेल. "ऐकलंस? चार प्रश्न! त्या दोघांत फरक काय गं? एक म्हणतो उत्तर हवं, दुसरा म्हणतो समज हवी, आणि शेवटी दोघंही विचारणार काय, तर वार कोणता! आणि हा काय करणार? ठोकणार. ठोकला की संपलं. लिहिणार, खूळ लागलंय."

"मग काय करशील?"

"ठोकू देणार नाही."

आणि तिने हातमोजा विणला. सबंध पंजाचा, बोटं नसलेला, आत लोकर ठासून भरलेली, मनगटाला नाडी. इतका जाड की मुठीचा उशीसारखा गोळा व्हायचा. "डॉक्टर येतील तेवढा वेळ घालायचा," आर्नल्डला लहान मुलासारखं समजावत होती. "हात गार पडतो म्हणून सांगेन. नुसता गप्प बसलास तर निदान दमलाय असं वाटेल. ऐकतोयस ना?" आर्नल्ड मोज्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हेटीने ते पाहिलं आणि म्हणाली, "शेगडीचा धूर."

डॉक्टर आले ते शनिवारी दुपारी. ओपनशॉ बरोबर. हेटीने सकाळपासून पायरी दोनदा घासली होती, पडदे धुतले होते, आर्नल्डची दाढी करून त्याला लग्नातला कोट चढवला होता. मला म्हणाली, "तू बस इथे, मला एकटीला जमायचं नाही." मी बसले. ओपनशॉ चहाचा कप घेऊन खिडकीपाशी.

"तर मिस्टर टॅटर्सल," हॅलिवेल म्हणाले. "आज वार कोणता?"

आर्नल्डने त्यांच्याकडे पाहिलं. मोज्यातला हात उचलला. धप, धप. भरल्या लोकरीतून आवाज असा आला, की कुणी गादी झोडतंय.

"या बाई कोण?"

आर्नल्डने हेटीकडे पाहिलं. धप, धप.

"पंतप्रधान कोण आहेत?"

धप, धप. हेटीने त्याचा हात धरला आणि टेबलाखाली ओढला. "थंडीने होतं त्याला तसं," ती म्हणाली. हॅलिवेल लिहीत होते. माझ्या मनात आलं, झालं, गेला बिचारा वरच्या घरी.

"राजा कोण?"

हात टेबलाखाली. तरी ठोकलंच त्याने, टेबलाच्या पायावर. धप, धप.

आणि खिडकीपासून ओपनशॉ म्हणाले, "मग माझी पाळी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. ओपनशॉचा कप हवेत. त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं ते काय बोलले. मिशीपर्यंत लाल झाले. "माफ करा. सवयीने निघून गेलं. शनिवार ना." मग कप ठेवला आणि आर्नल्डकडे निरखून बघायला लागले. "मिसेस टॅटर्सल, हे डॉमिनो खेळायचे का?"

"आमच्या घरात तसलं काही नाही!"

"घरात नाही हो. पबात?"

मीच म्हटलं, "खेळायचा. प्लाउमध्ये. सगळ्या आळीला माहीत आहे, हिला सोडून."

"डॉक्टर," ओपनशॉ म्हणाले, आणि त्यांचा तो काउन्सिलचा आवाज कुठल्या कुठे गेला, "अहो, हातात बसणारी सोंगटी नसली की आपण काय करतो? टेबलावर ठोकतो. म्हणजे, माझ्याकडे नाही, पुढच्याने खेळावं. तुम्ही याला विचारताय आणि हा तुम्हाला दर वेळी सांगतोय, की प्रश्न कळला, माझ्याकडे द्यायला शब्द नाही, आता तुम्ही बोला."

आम्हा बायकांना पबातल्या पुरुषांच्या खोलीत कधी पाय टाकायची सोय नव्हती, आम्हाला हे कुठून कळणार? हॅलिवेल गोल्फ खेळत, त्यांनाही नव्हतं माहीत. मी हेटीकडे पाहिलं. ती आर्नल्डच्या मोज्याची गाठ सोडत होती. सबंध हिवाळा, वसंत तो हेच सांगत होता, आणि ही म्हणायची, बंद कर रे, बंद कर.

"रिफ्लेक्स असेल," हॅलिवेल म्हणाले. "जुनी सवय. बोट चालतं, मन नसतं."

"थांबा की," ओपनशॉ म्हणाले. "नॉराबाई, प्लाउमधून एक पेटी आणता?"

मी गेले! भर दुपारी, एप्रन तसाच, सरळ त्या पुरुषांच्या खोलीत. सगळे असे बघत राहिले, जणू दारातून गाय आली. "डॉमिनो द्या," मी म्हटलं. मालक म्हणाला, "बाई, चुकून आलात का?" मी म्हटलं, "आर्नल्ड टॅटर्सलला हवेत." त्यावर एक म्हातारा उठला आणि आपल्यासमोरचा अर्धा डाव मोडून पेटी माझ्या हातात दिली.

परत आले तर मोजा निघालेला. ओपनशॉनी सोंगट्या पालथ्या घातल्या, घोळल्या, वाटल्या. आर्नल्डने डाव्या हाताने आपल्या सात उभ्या केल्या. लावल्या कशा, तर लहान मोठ्या क्रमाने, पटापट. डाव सुरू झाला. ओपनशॉनी सोंगटी लावली, मग याने लावली. एकदा ठोकलं त्याने, तेव्हा हॅलिवेल मुद्दाम त्याच्या मागे जाऊन वाकले आणि सोंगट्या बघून घेतल्या. खरंच नव्हती बसणारी. मग पाचाला पाचच लागतो, तिथे ओपनशॉनी चौकडी लावली. हळूच. मुद्दाम.

आर्नल्डने त्या सोंगटीकडे पाहिलं. ओपनशॉकडे पाहिलं. एका बोटाने ती सोंगटी त्यांच्याकडे सरकवून परत दिली, आणि हसला. तेच ते जॉबरचं वाकडं हसू.

हेटीच्या तोंडून आवाज निघाला, तो मी कधी विसरणार नाही. ती हॅलिवेलच्या समोर जाऊन उभी राहिली. "तळघरात काय म्हणाला होतात तुम्ही? समज आतून असते, उत्तरावरून माप घ्यायचं नाही. टाळ्या घेतल्यात! आणि माझ्या घरात येऊन काय केलंत? वार कोणता! लोखंडाच्या गायीला एक न्याय आणि माझ्या नवऱ्याला दुसरा?"

"हेटी," मी म्हटलं.

"गप्प बस तू!"

हॅलिवेलनी चष्मा काढला. पुसला. घातला नाही. मी त्यांना श्रेय देते, ते चिडले नाहीत. "बाई," ते म्हणाले, "हात तर तुम्हीही बांधला होतात."

हेटी खुर्चीत बसली. त्या खुर्चीत तिला मी पहिल्यांदाच बसलेली पाहत होते.

आर्नल्ड वरच्या घरी गेला नाही. हॅलिवेलनी लिहिलेलं खोडलं. ओपनशॉनी अट घातली, की दिवसा कुणीतरी जवळ हवं. त्याची सोय प्लाउने केली. कामातून निवृत्त झालेले म्हातारे पाळीपाळीने यायला लागले, पेटी घेऊन. चॅपलची शपथ घेतलेल्या हेटीच्या स्वयंपाकघरात सकाळपासून सैतानाची हाडं खडखडायची. तिने एकच अट घातली, बिअर दाराबाहेर. म्हातारे चहा पिऊन तोंड वाकडं करायचे, पण यायचे. तिने मात्र त्या सोंगट्यांना हात लावला नाही. टेबल पुसतानासुद्धा फडक्याने सरकवायची.

ही गोष्ट एल्सवर्थना कळली तशी त्यांनी मान खाली घालून आठवडाभर काम केलं. एका सकाळी आम्हाला बोलावलं. बेसीला एक छोटा हातोडा बसवला होता, टेलिफोनच्या घंटेतला.

"सहाला शून्याने भागा," ते मला म्हणाले.

मी आकडे घातले. बेसी एकदा कडकडली, थांबली, आणि हातोड्याने लाकडावर दोन ठोके मारले. ठकठक.

एल्सवर्थचा चेहरा असा उजळला होता, की वाईट वाटावं. "आता सांगा, मिसेस टॅटर्सल! तिला कळतं, आपल्याकडे उत्तर नाही. तुमचे यजमान करतात तेच. मग आता?"

हेटी हातोड्याकडे बघत होती. "ठोकून झालं, आता ती बघते कुणाकडे?"

"म्हणजे?"

"आर्नल्ड ठोकतो आणि माझ्याकडे बघतो. वाट बघतो. मी बोलेपर्यंत नजर काढत नाही. समोर कुणीतरी बसलंय आणि आता त्याची पाळी आहे, हे त्याला माहीत असतं. हिला कुठे माहीत आहे, समोर कुणी आहे की सगळे जेवायला गेलेत?"

मला वाटलं, संपला वाद. पण एल्सवर्थ काही मूर्ख नव्हते. ते जरा वेळ हातोड्याशी चाळा करत राहिले. "तो सबंध हिवाळा तुमच्याकडे बघत होता," ते हळूच म्हणाले. "तेव्हा तुम्हाला त्या नजरेत काय दिसत होतं?"

हेटीचा रंग उतरला. बेसीच्या मांडणीवर हात ठेवून उभी राहिली. मग कागदाची पट्टी उचलली आणि कामाला लागली.

त्याच रविवारची गोष्ट. चॅपल सुटून आम्ही घरी आलो होतो. मी बटाट्याची पाई भट्टीत सरकवत होते, तेवढ्यात भिंतीतून ठकठक आली. त्याची मला आता सवय झाली होती, पण हा ठोका निराळा वाटला. हलका, चाचरत मारलेला. पाई तशीच ठेवून गेले.

हेटी चॅपलची टोपी डोक्यावर तशीच ठेवून टेबलाशी बसली होती. समोर आर्नल्ड. मध्ये डॉमिनोचा डाव, कालचे म्हातारे पेटी ठेवून गेले होते ती. हेटीसमोर सोंगट्या वेड्यावाकड्या उभ्या, जणू आता पडतील. तो मोजा टेबलावर दोघांच्या मध्ये पडला होता.

"विचारलं मी त्याला," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "म्हटलं, मी तुझ्यावर ओरडत होते, तुझा हात बांधला, ते सगळं तुला कळत होतं ना? रागावलायस का माझ्यावर?"

"मग? ठोकलं त्याने?"

"नाही. सोंगट्या काढल्या, वाटल्या, आणि चाल केली. आणि बघतोय बघ कसा."

आर्नल्ड बघत होता. नजर काढत नव्हता. हेटीचे डोळे वाहत होते आणि टोपीची फीत हनुवटीखाली भिजली होती.

"मग आत्ता ठोकलं ते?" मी विचारलं.

"मी ठोकलं," हेटी म्हणाली. "माझ्याकडे नाही काही."

आर्नल्डने मान डोलावली, या वेळी बरोबर दिशेने डोलली, आणि आपली पुढची सोंगटी लावली.